अमेरिका मी समजावून सांगितली

त्या वर्षी आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी अमेरिकेची चौकशी व्हायची. बाबा पहिल्या पाळीला निघताना दारात बूट चढवायचे आणि मान वर न करता विचारायचे, "काय गं, आज काय म्हणतायत?" एखाद्या दवाखान्यात ठेवलेल्या नातेवाइकाबद्दल विचारावं तसा आवाज असायचा तो. मी अजून अंथरुणातच असायची, पण फोन हातात असायचा. आपण झोपतो तेव्हा तिकडे दिवस असतो, त्यामुळे तिकडचं जे काही बरंवाईट असेल ते आपल्याला सकाळी एकदम कळतं. मी दोन-तीन बातम्या वाचून दाखवायची. आई गॅसपाशी उभी राहून भाकरी थापत असायची. एका बातमीत बोलणी सुरू आहेत असं असायचं, दुसरीत बोलणी फिसकटली असं. बाबा म्हणायचे, "म्हणजे काहीच नाही," आणि डबा उचलून जिना उतरायचे. मग खाली कंपनीच्या बसचा हॉर्न, पत्र्याच्या दाराचा आवाज, आणि त्यानंतर बराच वेळ मला उगीचच वाटत राहायचं की आपल्या वाचण्यातून काहीतरी सुटलंय, अजून एक बातमी उघडून बघायला हवी.

आम्ही मूळचे जतकडचे. मी चौथीत असताना बाबा बोईसरला आले आणि टॉवेलच्या कारखान्यात लागले. भाड्याच्या दोन खोल्या, तिसरा मजला. वारा औद्योगिक वसाहतीकडून आला की आई खिडक्या लावून घ्यायची, आणि समुद्राकडून आला की उघडायची. तिनं गावाकडची ज्वारी सोडली नव्हती, ठेचाही सोडला नव्हता, पण शेजारणींकडून सुके बोंबील भाजायला ती शिकली होती आणि भाकरीबरोबर ते इतके जमायचे की बाबा म्हणायचे, आपल्या गावाला समुद्र नाही एवढीच देवाची चूक. बाबा मागावर उभे राहून राहून मोठ्यानं बोलायला शिकले होते. मागांच्या खोलीत कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही, त्यामुळे घरातली साधी गोष्टही ते भांडल्यासारखी सांगायचे. तो कारखाना जे विणायचा ते जवळजवळ सगळं अमेरिकेला जायचं. पाहुणे आले की बाबा सांगायचे, "तिकडं कुणीतरी अंघोळ करतंय म्हणून आपल्याकडं चूल पेटतीय." पाहुणे हसायचे. त्या पावसाळ्यानंतर ते हे बोलायचे बंद झाले.

झालं होतं ते असं. अमेरिकेनं आपल्या मालावर आयात कर वाढवला. एकदा वाढवला, आणि लोक त्यातून सावरतात न सावरतात तोच पुन्हा वाढवला. दुसऱ्या वेळचं कारण असं सांगितलं गेलं, की भारत रशियाकडून तेल घेतो, त्या पैशावर रशिया युक्रेनमध्ये युद्ध चालवतो, म्हणून भारताला हा दंड. बाबांच्या कारखान्यात त्याचा अर्थ एवढाच झाला की तयार माल बाहेर जाईना. पॅकिंगच्या विभागात खोकी छतापर्यंत रचली गेली, मग जिन्यात रचली गेली. रात्रपाळी आधी दिवसाआड झाली आणि मग बंदच झाली. साहेब लोक रोज म्हणायचे की थोडे दिवस कळ काढा. किती दिवस, ते कुणी सांगत नव्हतं, कारण ते कुणालाच माहीत नव्हतं. आज मला हे सहज लिहिता येतं. तेव्हा मला वाटायचं, माहीत नसतं ते त्यांना. मला कळेल.

मी पालघरच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय राज्यशास्त्र. आमचे राऊत सर केळव्याचे, उंच, किंचित वाकलेले, फळ्यावर अक्षर अगदी बारीक. त्यांनी त्या सत्रात प्रत्येकाला एक निबंध दिला होता: एका महासत्तेचं सध्याचं परराष्ट्र धोरण समजून घ्या. बाकीच्यांनी चीन घेतला, रशिया घेतला. मी अमेरिका घेतली. मला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. एसटीत जाता-येता मी वाचायची, जेवताना वाचायची, आईनं हाक मारली तर दोनदा मारावी लागायची. व्यापारातली तूट म्हणजे काय, आपल्या शेतमालाचा आणि दुधाचा बाजार त्यांना का उघडून हवाय, चीन आपल्याइतकंच किंवा जास्तच तेल घेतो तरी त्याच्याशी ते वेगळं का वागतात, राष्ट्राध्यक्ष एकटा किती ठरवू शकतो आणि न्यायालय त्याला कुठं अडवू शकतं, सगळं एका वहीत उतरवून काढायची. शांत बसवायचंच नाही. वाचलं नाही तर वाटायचं आपण काहीतरी टाळतोय, आणि वाचलं की आणखी वाचत सुटायची. सरांना मी कच्चा मसुदा दाखवला तेव्हा त्यांनी तो ठेवून घेतला. परत आला तर समासात पेन्सिलीनं चार-पाच ठिकाणी एकच प्रश्न लिहिलेला होता: "हे कशावरून?" मला राग आला. जिथं जिथं माझं वाक्य सगळ्यात ठाम होतं, नेमकं तिथंच त्यांनी ते लिहिलं होतं. सर जुन्या पद्धतीचे आहेत असं मी मनाशी ठरवलं आणि वही मिटली.

बाबांना माझ्या वहीचा अभिमान होता. त्यांनी कारखान्यात सांगितलं असणार, कारण एका रविवारी दुपारी ते तिघांना घेऊन घरी आले. एक बाबांच्या शेजारच्या मागावरचे यादवभैया, आझमगढकडचे. दुसरे कटिंगमधले मोरेकाका, साताऱ्याचे, मोजकं बोलणारे. आणि तिसरी यमुनाताई. ती टॉवेलच्या कडा शिवायच्या विभागात होती, बेटेगावहून यायची, चाळिशीची असेल. घरची थोडी भाताची जमीन होती, ती पावसापुरती. एरवी सगळं घर तिच्या मशीनवर चालायचं. कधी बाबांबरोबर ती आईसाठी रानभाजी पाठवायची, म्हणून नावानं ती आम्हाला माहीत होती. आईनं पोहे टाकले. बाबांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "सांग यांना, सगळं पहिल्यापासून."

मी सांगितलं. जुन्या वर्तमानपत्रावर नकाशा काढला, तेल कुठून येतं त्याचा बाण दाखवला, टॉवेल कुठं जातात त्याचा बाण दाखवला. यादवभैया लक्ष देऊन ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "दीदी, झगड़ा उनका रूस से है, तो तौलिया हमारा काहे रोक रहे हैं?" मोरेकाका पहिल्यांदाच हसले. मी सांगितलं की ज्याच्याशी थेट भांडता येत नाही त्याच्या गिऱ्हाइकाला धरायचं, अशी ती रीत आहे. शिवाय तेल हे बोलायचं कारण, आतली गोष्ट बाजाराची. इथपर्यंत मी जे सांगत होते ते वाचलेलं होतं, आणि बऱ्यापैकी बरोबरही होतं. पण माणसं माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती तिची मला चटक लागली. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीकडे मोठी माणसं असं कधी बघत नाहीत. म्हणून मोरेकाकांनी "मग सुटणार कधी हे?" असं विचारलं तेव्हा मी थांबले नाही. म्हटलं, हे भाव करणं आहे. आधी हात उगारायचा, मग तडजोड करायची, दुसऱ्या देशांशी त्यांनी असंच केलंय. दिवाळीच्या आधी सुटेल. मोरेकाकांनी मान हलवली. बाबा आईकडे बघून हसले. आई हसली नाही, ती पोह्यांच्या बशा गोळा करत होती.

पुरुष निघाले, बाबा त्यांना सोडायला खाली गेले, आणि यमुनाताई मागं राहिली. आईला बशा विसळू लागायच्या निमित्तानं ती आत आली आणि मोरीपाशी उभी राहून मला म्हणाली, "बाय, मला एक सांग. माजी नणंद औषदाच्या कंपनीत हाय, गोळ्यांच्या पॅकिंगला. तिकडं एक जागा हाय. सोमवारी ये बोलतात. मी जाऊ का इथंच राहू?" पगार तिकडं थोडा कमी होता, आणि इथं नऊ वर्षं झाली होती. इथलं मशीन तिच्या हातातलं होतं. सोडून गेलं आणि इथं पुन्हा सुरू झालं तर परत घेणार नाहीत, तिला ही भीती होती. तिनं पदराला हात पुसले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मला त्या क्षणी एक गोष्ट माहीत होती आणि एक नव्हती. औषधांवर अजून तो कर लागलेला नव्हता, हे माहीत होतं. उद्या लागेल की नाही, हे नव्हतं. पण दोनच दिवसांपूर्वी मी वाचलं होतं की औषधांवरही कर लावण्याची धमकी दिली गेलीय, आणि ते वाचून मला आपण इतरांच्या पुढं आहोत असं वाटलं होतं. मी म्हटलं, "यमुनाताई, आता औषधांची पाळी आहे. तिकडं जाल आणि तिकडंच बंद पडेल. टॉवेलचं दिवाळीच्या आधी सुटतंय. नऊ वर्षांची जागा सोडू नका."

"तुला नक्की ठावं हाय?"

"हो," मी म्हटलं.

त्या 'हो'चा मी नंतर आयुष्यभर विचार केला आहे. पस्तीस वर्षं मी हाच विषय शिकवला, तेव्हा दर वर्षी एखादा तरी विद्यार्थी विचारायचा की बाई, आता हे देश काय करणार? आणि दर वेळी ती मोरी, विसळलेल्या बशा आणि पदराला हात पुसणारी ती बाई माझ्यासमोर यायची. माझ्या मनात खोटं बोलायचं नव्हतं. मला खरंच तसं वाटत होतं. वाटणं आणि ठाऊक असणं यांत जी फट आहे ती मला दिसत नव्हती, एवढंच.

सोमवारी यमुनाताई औषधांच्या कंपनीत गेली नाही. त्या जागेचं बाबांना आईकडून कळलं होतं. बाबांनी संध्याकाळी येऊन सांगितलं की ती मशीनवर होती, आणि सांगताना त्यांना बरं वाटलं, कारण चांगली कामकरी बाई टिकली. मलाही बरं वाटलं. नवरात्र आलं आणि गेलं. मी रोज सकाळी फोन उघडायची आणि समझोत्याची बातमी शोधायची, आता निबंधासाठी नाही, तर माझं म्हणणं खरं ठरावं म्हणून. मंत्र्यांचं शिष्टमंडळ जाणार असं आलं की मी ते मोठ्यानं वाचायची. शिष्टमंडळ रिकाम्या हातानं परतलं असं आलं की मनात वाचायची. बाबांना हे कळत होतं की नाही कोण जाणे. ते बूट घालून निघून जायचे.

दिवाळीला आठवडा असताना कारखान्यात दाराशी कागद लागला. शिलाईच्या विभागातल्या ठेकेदारामार्फत घेतलेल्या कामगारांनी पुढची सूचना येईपर्यंत येऊ नये. यमुनाताई नऊ वर्षं ठेकेदाराकडूनच होती. बाबा कायम होते, त्यामुळे त्यांचे तास कमी झाले, पण नाव राहिलं. ते घरी आले तेव्हा आई करंज्यांचं सारण परतत होती आणि सगळ्या खोलीत भाजल्या खोबऱ्याचा वास होता. बाबांनी डबा ओट्यावर ठेवला आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात नाही, अगदी हळू सांगितलं. मी विचारलं, औषधांच्या कंपनीतली ती जागा? बाबा म्हणाले, ती त्याच आठवड्यात भरली. कंपनी जोरात चालू आहे, तीन पाळ्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. रागावले असते तर मला जागा मिळाली असती उत्तर द्यायला, की वर्तमानपत्रांतच तसं होतं, तज्ज्ञही तेच म्हणत होते. पण ते हात धुवायला गेले. आईनं कढई उतरवली आणि म्हणाली, "तू पेपर वाचलास. तिनं तुझं तोंड वाचलं. तिला दुसरं काय वाचता येणार होतं?" बस, एवढंच. पुन्हा त्या विषयावर ती कधी बोलली नाही. त्या वर्षी आमच्याकडच्या करंज्या कुणी धड खाल्ल्या नाहीत, डब्यात तशाच मऊ पडल्या.

यमुनाताई कुठं गेली हे कळायला पंधरा-वीस दिवस गेले. मोरेकाकांच्या बायकोकडून आईला कळलं की ती मुरब्याला जाते, मासे सुकवायला. बेटेगावच्या चार-पाच बायका पहाटेच्या टेम्पोनं जातात आणि दुपारी परततात. आईनं मला फक्त ते सांगितलं, जा म्हणाली नाही. दोन दिवस मी कॉलेजला गेले, वहीतल्या ओळी खोडत बसले, निबंधाचं शेवटचं प्रकरण चारदा लिहिलं. कुठंच मन लागेना. तिसऱ्या दिवशी कॉलेजची एसटी सोडली आणि बोईसरहून रिक्षा बदलत मुरब्याला गेले.

समुद्र दिसायच्या आधी वास आला. किनाऱ्यावर बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि त्यांवर बोंबील लटकत होते, दोन दोन, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवलेला. ओले, काचेसारखे. ऊन कोवळं होतं तरी डोळे दिपत होते. बायका ओळीनं उभ्या राहून झरझर हात चालवत होत्या. यमुनाताईला मी पाठीवरूनच ओळखलं. तिनं मला बघितलं, आश्चर्य वाटल्यासारखं केलं नाही, आणि हातातलं काम थांबवलंही नाही. तिची बोटं काट्यांनी चिरलेली होती, त्यांना चिंध्या बांधल्या होत्या. मी वाटेत पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली, की मी चुकले, मला असं वाटलं होतं, बातम्यांमध्ये असं होतं. तिनं दोन बोंबील एकमेकांत अडकवले, दोरीवर टाकले, पुन्हा टोपलीत हात घातला.

"तुज्यामुळं अमेरिका रुसली नाय," ती म्हणाली. "तिला तू काय करणार? पण मी तुला इचारलं, नक्की ठावं हाय का? तवा तू 'नाय ठावं' बोलली असतीस ना, तर मी गेली असती. मला जायचंच होतं. मन तिकडंच होतं माजं. तुज्या सांगण्यावर थांबली."

ती चिडलेली नव्हती. म्हणूनच ते मला सोसेना. मी म्हटलं, मला माफ करा. ती म्हणाली, माफीचं काय, बस तिकडं सावलीत, ऊन लागेल. मी बसले नाही. टोपलीत हात घातला. बोंबील हातातून निसटत होते, जबडे अडकत नव्हते, शेजारची म्हातारी कोळीण मला बघून गालात हसत होती. यमुनाताईनं माझे हात धरून एकदा दाखवलं: असा अंगठा घाल, असा वळव. चौथ्या-पाचव्या जोडीला जमलं. आम्ही एक दोरी भरली. तिनं मध्येच सांगितलं की इथलं काम पावसाळ्यापर्यंत आहे, मजुरी रोजची रोज मिळते, पण घरी जाऊन कितीही धुतलं तरी वास जात नाही आणि धाकटी मुलगी जवळ येत नाही. हे तिनं हसून सांगितलं. मी वर बघू शकले नाही.

दुसरी दोरी अर्धी झाली तेव्हा ती म्हणाली, "ठेकेदाराचा माणूस घरी आलता. बोलतो, नव्या सालात बोलावतील, दुसरीकडं कुटं लागू नको. आनी इथला शेठ बोलतो, पुऱ्या मोसमाची खात्री देत असशील तर ठेवतो, मधून सोडून जायचं नाय." मग ती थांबली आणि त्या सकाळी पहिल्यांदाच तिचे हात थांबले. "आता सांग. तुज्या वाचण्यात काय हाय? टॉवेलचं परत सुरू होईल?"

ती पुन्हा मलाच विचारत होती. मला वाटलं होतं ती यापुढं मला काहीच विचारणार नाही. माझ्याकडे त्या दिवशीही सांगण्यासारखं बरंच होतं. त्याच सकाळी मी वाचलं होतं की बोलणी पुढं सरकली आहेत, की दोन्ही बाजू आशावादी आहेत, की आपण रशियाचं तेल कमी करतोय. हे सगळं जिभेवर आलं, आणि त्याच्या मागून तो जुना आनंदही आला, कुणीतरी आपलं ऐकतंय याचा. मी तिच्या चिंध्या बांधलेल्या बोटांकडे बघितलं.

"बोलणी चालू आहेत, एवढं खरं आहे," मी म्हटलं. "पण कधी सुटेल, सुटेल की नाही, ते मला माहीत नाही, यमुनाताई. कुणालाच माहीत नाही. तिथं जे ठरवतात त्यांनाही उद्या काय करणार ते माहीत असेल असं मला वाटत नाही."

तिनं समुद्राकडे बघितलं. ओहोटी होती, होड्या चिखलात कलत्या पडल्या होत्या. मग तिनं मान हलवली, जसं एखाद्यानं किंमत ऐकून मनाशी काही ठरवावं.

"मग मी शेठला हो सांगते," ती म्हणाली, आणि टोपली माझ्याकडे सरकवून शेठ बसायचा त्या पलीकडच्या झोपडीकडे चालू लागली.